अलेक्सिस सोयर: वाया जाणाऱ्या अन्नाचा हिशेब मांडणारा आचारी

पुरणपोळीचा बेत असला की घरात कटाची आमटी ठरलेली असते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवायची आणि वरचं पाणी फेकून न देता त्याला चिंच, गूळ, गोडा मसाला घालून फोडणी द्यायची. डाळीचा कस त्या पाण्यात उतरलेला असतो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

१८५५ च्या मार्च महिन्यात इस्तंबूलमधल्या एका लष्करी रुग्णालयात मात्र नेमकं हेच शिकवायची वेळ आली होती. तिथे क्रिमियाच्या युद्धात जखमी आणि आजारी झालेले हजारो ब्रिटिश सैनिक पडून होते. त्यांच्यासाठी मोठमोठ्या तांब्याच्या हंड्यांत मांस उकडलं जायचं. मांस बाहेर काढलं की उरलेलं पाणी, वर तरंगणाऱ्या चरबीसकट, ओतून दिलं जायचं. ज्यांना चावायचीही ताकद नव्हती, अशा रुग्णांना खरं तर त्याच पाण्याचा आधार झाला असता.

हा प्रकार ज्याने थांबवला तो डॉक्टर नव्हता की लष्करी अधिकारी. तो त्या काळातला लंडनचा सर्वात नावाजलेला आचारी होता. त्याचं नाव अलेक्सिस सोयर.

अन्नाची नासाडी थांबवली तर ते भुकेल्यांपर्यंत पोहोचेल, असं आज आपण सहज बोलतो. हे कधी खरं ठरतं आणि कधी अपुरं पडतं, याची दोन्ही उदाहरणं या एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात.

फ्रान्समधून लंडनला

सोयरचा जन्म ४ फेब्रुवारी १८१० रोजी पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या मो या गावी झाला. ब्री चीजसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. लहान वयातच तो पॅरिसला मोठ्या भावाकडे, फिलिपकडे गेला आणि तिथे स्वयंपाकाचं काम शिकला. विशीत पोहोचेपर्यंत तो बड्या लोकांच्या मुदपाकखान्यात काम करू लागला होता.

१८३० च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा पळून गेला आणि सरदार-दरकदारांच्या घरी राबणाऱ्या आचाऱ्यांचे दिवस फिरले. फिलिप त्या वेळी इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ड्यूककडे कामाला होता. १८३१ मध्ये अलेक्सिसही तिकडे गेला आणि मग आयुष्यभर इंग्लंडचाच झाला.

१८३७ मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबने त्याला मुख्य आचारी नेमलं. हा उदारमतवादी राजकारण्यांचा क्लब होता. पुढच्याच वर्षी, २८ जून १८३८ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी क्लबने सुमारे २००० पाहुण्यांना न्याहारी दिली. ती सोयरच्या देखरेखीखाली तयार झाली होती. त्याचं वय तेव्हा २८ वर्षं होतं.

क्लबची नवी इमारत १८४१ मध्ये खुली झाली आणि तिच्यातलं स्वयंपाकघर बघायला लोक येऊ लागले. वास्तुरचनाकार चार्ल्स बॅरी यांच्याबरोबर बसून सोयरने ते आखलं होतं. लाकूड-कोळशाच्या जोडीला तिथे गॅसच्या शेगड्या होत्या. त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. मासे ताजे राहावेत म्हणून ते थंड पाणी खेळवलेल्या संगमरवरी फरशीवर ठेवले जात. गॅसचा मोठा फायदा म्हणजे काम संपलं की आच लगेच बंद करता येते. इंधन, जागा, वेळ आणि अन्न या चारही गोष्टींचा हिशेब एकत्र मांडायची सवय सोयरला इथेच लागली. पुढे हीच सवय त्याने गरिबांच्या अन्नासाठी वापरली.

त्याच्या खासगी आयुष्यात मात्र याच काळात मोठा आघात झाला. १८३७ मध्ये त्याने एमा जोन्स या चित्रकार तरुणीशी लग्न केलं होतं. १८४२ मध्ये गरोदरपणातल्या गुंतागुंतीमुळे ती गेली. सोयरने पुन्हा लग्न केलं नाही.

डब्लिनची पंगत

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. १८४६ मध्ये जवळपास सगळं पीक गेलं. तिथल्या गरीब शेतमजुरांचं रोजचं जेवण म्हणजे बटाटाच होता, त्यामुळे पीक गेलं म्हणजे ताटातलं सगळंच गेलं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख लोक भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेले आणि त्याहूनही जास्त लोक देश सोडून गेले. आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा ८० ते ८५ लाखांच्या घरात होती, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचा अर्थ कळतो.

सरकारने सुरुवातीला दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, रस्ते बांधा आणि मजुरी घ्या, असा तो मार्ग होता. पण उपाशी माणसांना कामच झेपेना आणि मिळालेल्या मजुरीत महाग झालेलं धान्य परवडेना. फेब्रुवारी १८४७ मध्ये कायदा करून सरकारने धोरण बदललं आणि थेट शिजवलेलं अन्न द्यायचं ठरवलं.

त्याच सुमाराला सोयर वर्तमानपत्रांतून लिहीत होता की, नीट आखलेल्या स्वयंपाकघरातून हजारो लोकांना कमी खर्चात सूप देता येईल. सरकारने त्याला डब्लिनला बोलावून घेतलं. क्लबकडून रजा घेऊन तो गेला आणि ५ एप्रिल १८४७ रोजी तिथल्या लष्करी बराकींसमोरच्या मैदानात त्याचं नमुना स्वयंपाकघर सुरू झालं.

लाकडी सांगाड्याचा मोठा मांडव, त्याच्या मधोमध ३०० गॅलनची, म्हणजे जवळपास १३५० लिटरची, बाष्पपात्रासारखी कढई आणि भोवती लांबच लांब टेबलं. टेबलांना पाडलेल्या भोकांत वाडगे बसवलेले आणि प्रत्येक वाडग्याजवळ साखळीने बांधलेला चमचा. घंटा झाली की १०० जण आत यायचे, सूप प्यायचे, जाताना भाकरीचा तुकडा घ्यायचे आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. वाडगे धुतले की पुढची पंगत बसायची. एप्रिल ते ऑगस्ट या काळात या एका जागेतून दिवसाला सरासरी ८००० हून अधिक लोकांना अन्न दिलं गेलं.

कृतीतही काटकसर होती. सलगमाची सालं, कांद्याच्या पातीसारख्या दिसणाऱ्या लीकचा हिरवा शेंडा, सेलरीची बाहेरची पानं हे सगळं एरवी उकिरड्यावर जायचं. सोयरचं म्हणणं असं की स्वाद याच भागांत जास्त असतो, म्हणून ते धुऊन, बारीक चिरून सूपमध्ये घालावेत. मुळ्याच्या पाल्याची भाजी आणि दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरांना हे पटायला वेळ लागणार नाही. इंग्लंडच्या नामांकित आचाऱ्याने ते छापून सांगणं मात्र नवीन होतं.

कढईत किती होतं?

आता या कामाची दुसरी बाजू पाहू.

सोयरच्या पहिल्या सूपची कृती प्रसिद्ध आहे. दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर पाण्यात पाव पौंड म्हणजे ११५ ग्रॅमच्या आसपास गोमांस, दोन औंस चरबी, कांदे आणि थोड्या भाज्या, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड सोललेले जव, मीठ आणि चिमूटभर साखर. या साहित्याची आजच्या मापाने ढोबळ बेरीज केली तर एक लिटर सूपमध्ये २५० ते २७५ कॅलरी निघतात. दोन-अडीच पोळ्यांतून मिळेल एवढीच ही ताकद. मोठ्या माणसाला दिवसाला २००० च्या वर कॅलरी लागतात.

म्हणजे सूप चवीला बरं असेल, स्वस्त नक्कीच होतं, पण ते पोटभर अन्न नव्हतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच यावर कडक टीका केली. जिभेला फसवता येतं, शरीराला नाही, असा तिचा रोख होता. आयर्लंडमधल्या डॉक्टरांनीही हरकत घेतली. हगवणीने बेजार झालेल्या माणसाला पातळ सूप पचत नाही, उलट त्रास वाढतो, हे ते डोळ्यांनी बघत होते.

उद्घाटनाच्या दिवशीचा एक प्रकार तर लोकांच्या फार जिव्हारी लागला. शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून त्यांना आधी सूपची चव दिली गेली आणि देणगी देऊन गरिबांची पंगत बघायची सोय केली गेली. भुकेल्या माणसांचं प्रदर्शन मांडलं, अशी टीका आयरिश वर्तमानपत्रांनी केली. ती चुकीची म्हणता येणार नाही. सोयरला प्रसिद्धीची हौस होती आणि ती इथे नको तिथे दिसली.

खरा प्रश्न मात्र सूपच्या कृतीपलीकडचा होता. आयर्लंडमधून गुरं, लोणी आणि धान्य जहाजांनी इंग्लंडला जातच होतं. बाहेरून मका येत होता, पण तो घ्यायला गरिबांकडे पैसे नव्हते. सालं आणि शेंडे कितीही वाचवले तरी ही दरी भरून निघणार नव्हती. सोयरचं स्वयंपाकघर शंभरजणांना नीट, स्वच्छ आणि झटपट कसं वाढायचं हे दाखवू शकत होतं. कढईत किती पडायचं, हे ठरवणारे लोक वेगळे होते.

तरीही शिजवलेलं अन्न देण्याच्या धोरणाने काय साधलं, हेही सांगायला हवं. जुलै १८४७ मध्ये आयर्लंडभर अशा केंद्रांतून दिवसाला सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होतं. ही सगळी केंद्रं सोयरची नव्हती, पण एवढ्या लोकांना रोज खाऊ घालता येतं हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झालं. मग सरकारने सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ती बंद केली आणि सगळा भार स्थानिक करांवर टाकला. दुष्काळ संपलेला नव्हता. त्यानंतरही माणसं मरत राहिली.

एका शिलिंगचं पुस्तक

डब्लिनच्या कामाच्या सुमाराला सोयरने गरिबांसाठी स्वस्त पाककृतींची छोटी पुस्तिका काढली. १८४८ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत सूपचं केंद्र उभं करायलाही त्याने मदत केली. १८५० मध्ये त्याने रिफॉर्म क्लब सोडला.

१८५१ च्या जागतिक प्रदर्शनावेळी त्याने लंडनच्या गोर हाउसमध्ये भव्य उपाहारगृह थाटलं. जगातल्या सगळ्या देशांच्या लोकांना जेवू घालायची त्याची कल्पना होती. हौस मोठी आणि खर्च त्याहून मोठा. त्याला जवळपास ७००० पौंडांची खोट बसली. दुसऱ्याच्या कढईतला शेंडा-साल वाचवणाऱ्या या माणसाला स्वतःचा पैसा कधीच सांभाळता आला नाही.

१८५४ मध्ये त्याचं सामान्य लोकांसाठीचं पाकशास्त्राचं पुस्तक आलं. किंमत होती फक्त एक शिलिंग. त्याआधीच्या एका जाडजूड ग्रंथात त्याने श्रीमंती पक्वान्नं दिली होती. इथे एका चुलीवर, एकाच भांड्यात होणारे पदार्थ होते, आणि स्वस्त मिळणारे मांसाचे भाग वाया न घालवता कसे शिजवायचे याची माहिती होती. गरीब घरात अन्न कमी असतं, त्यात चुकीच्या शिजवण्याने ते आणखी कमी होतं, हा त्यामागचा विचार. या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या.

स्कुटारीचं रुग्णालय

क्रिमियाच्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होते. ते वाचून फेब्रुवारी १८५५ मध्ये सोयरने टाइम्सला पत्र लिहिलं. रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांवर अधिकार मिळणार असेल तर आपण स्वखर्चाने जायला तयार आहोत, असं त्याने कळवलं. सरकारने होकार दिला. मार्चमध्ये तो स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदारला पोहोचला. फ्लोरेन्स नाइटिंगेल तिथे आधीपासून काम करत होत्या.

इथली परिस्थिती डब्लिनच्या उलट होती. डब्लिनमध्ये कढईत घालायला फार थोडं होतं. स्कुटारीत मांस, भाज्या, पाव येत होते, पण रुग्णाच्या तोंडापर्यंत पोहोचेतो त्यांची माती होत होती.

सोयरने काय पाहिलं? प्रत्येक वॉर्डचं मांस वेगळं ओळखू यावं म्हणून ते गठ्ठ्यांनी घट्ट बांधून हंड्यात सोडत. खूण म्हणून त्यांना चिंध्या, बटणं, कुठे जुनी कात्रीसुद्धा बांधलेली असे. गठ्ठा इतका आवळलेला की पाणी आत शिरत नसे. बाहेरचं मांस शिजून चामडं व्हायचं आणि आतलं कच्चं राहायचं. वाटप हाडासकट वजनावर होई, म्हणून एखाद्याच्या वाट्याला नुसतं हाड येई. हंड्यांची कल्हई गेलेली होती. आचारी म्हणून सैनिकांना आळीपाळीने लावलं जाई, त्यामुळे कुणी शिकला की त्याची बदली झालेली असे. आणि शेवटी ते पाणी ओतून दिलं जाई.

त्याने एकेक गोष्ट दुरुस्त केली. हंड्यांना कल्हई लावून घेतली. मांस सैल बांधून, पाणी सगळीकडे पोहोचेल असं सोडायला लावलं. उकडलेल्या पाण्यात भाज्या आणि धान्य घालून त्याचं सूप केलं. वरची चरबी काढून ठेवून स्वयंपाकात वापरली, कारण महागड्या दराने विकत घेतलेलं लोणी खवट निघत होतं. कायमचे आचारी नेमून घेतले आणि त्यांच्यासाठी प्रमाण लिहून दिलं. पन्नास माणसांना किती पाणी, किती मीठ, किती वेळ, हे भिंतीवर वाचून कोणीही करू शकेल असं.

यासाठी शिधा वाढवावा लागला नाही. आलेल्या शिध्यातूनच जास्त आणि चांगलं जेवण निघू लागलं. रुग्णालयातले मृत्यू त्यानंतर वेगाने घटले, पण त्याचं श्रेय एकट्या स्वयंपाकघराला देता येत नाही. गटारं आणि पाणी साफ करणारं स्वच्छता पथकही त्याच मार्चमध्ये पोहोचलं होतं. नीट अन्न हा त्या बदलाचा एक भाग होता.

एक शेगडी, पन्नास जणांचं जेवण

मे १८५५ मध्ये सोयर नाइटिंगेल यांच्याबरोबर क्रिमियात बालाक्लाव्हाला गेला. छावणीत प्रत्येक सैनिक आपापल्या डब्यात आपलं अन्न उघड्या जाळावर शिजवत होता. सरपण मिळत नव्हतं, मिळालं तर वाऱ्यावर अर्धी आच उडून जायची आणि पावसात चूलच पेटायची नाही. मग मांस अर्धकच्चं खा किंवा फेकून द्या.

इंग्लंड सोडण्यापूर्वीच सोयरने यावर उपाय आखून ठेवला होता. पिंपाच्या आकाराची, बंदिस्त जाळाची शेगडी, आत मोठी कढई आणि वर धुराडं. एका शेगडीवर साधारण पन्नास जणांचं जेवण व्हायचं. वाऱ्यापावसात ती चालायची, आणि जाळ बाहेर दिसत नसल्याने रात्री शत्रूला छावणी कळायची नाही. सरपण तर सोयरच्या हिशेबाने ९० टक्क्यांपर्यंत वाचायचं. ऑगस्ट १८५५ मध्ये सेव्हास्तोपोलजवळच्या छावणीत ती सगळ्यांसमोर वापरून दाखवली गेली. तिच्या सुधारित आवृत्त्या ब्रिटिश सैन्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरल्या.

क्रिमियात तापाने सोयर बराच आजारी पडला आणि ती तब्येत पुन्हा पूर्ण सुधारली नाही. १८५७ मध्ये लंडनला परतल्यावर त्याने या मोहिमेची हकिकत लिहिली, लष्करी अधिकाऱ्यांपुढे व्याख्यान दिलं आणि लंडनच्या वेलिंग्टन बराकींसाठी नवं स्वयंपाकघर आखलं. ५ ऑगस्ट १८५८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला. केन्सल ग्रीन दफनभूमीत, एमासाठी त्यानेच उभारलेल्या स्मारकाशी त्याला पुरलं. डोक्यावर कर्ज होतं, त्यामुळे त्याचे कागदपत्रही धनकोच्या हाती गेले.

या हिशेबातून काय कळतं?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न घरं, हॉटेलं आणि दुकानांतून वाया गेलं. त्याच वर्षी ६९ ते ७८ कोटींच्या दरम्यान माणसं उपाशी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एकातून दुसऱ्याची भरपाई होईल, असं वाटू लागतं.

स्कुटारीत ती झाली, कारण अन्न आणि भुकेला माणूस एकाच इमारतीत होते. मध्ये आड येत होती ती फक्त वाईट व्यवस्था. आज लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण त्याच रात्री जवळच्या वस्तीत पोहोचवणारे लोक हेच करतात. तिथे लागतात त्या गोष्टीही सोयरच्याच यादीतल्या आहेत: झाकण असलेली स्वच्छ भांडी, योग्य तापमान, वेळेत पोहोचणारी गाडी आणि रोज तेच काम करणारी शिकलेली माणसं.

डब्लिनमध्ये मात्र कोंड्याचा मांडा करूनही भागलं नाही, कारण मुळात कोंडाच अपुरा होता. अन्न देशात होतं, पण ते विकत घ्यायची ऐपत लोकांकडे नव्हती. अशा वेळी सालं वाचवण्याचा सल्ला कितीही बरोबर असला, तरी तो रेशनची, मजुरीची आणि धान्याच्या भावाची जागा घेऊ शकत नाही. वाया जाणारं अन्न वाचवायची योजना कानावर आली, तर सोयरच्या दोन कढया आठवून एक प्रश्न आधी विचारावा: इथे अन्न सांडतं आहे, की मुळात येतच नाही?